दुसरा नंबर कुणाचा?

ताई,

सहा महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही या शहरात आलो. माझं काम घरूनच चालतं, त्यामुळे ‘तुला काय, लॅपटॉप उचलला की झालं’ असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. त्याला इथे ऑफिस मिळालं, तिथली माणसं मिळाली. मला घर मिळालं. शहर किती छान आहे हे तो रोज येऊन मला सांगतो. नव्या लोकांशी ओळखी व्हाव्यात म्हणून मी तीन वेळा तीन वेगवेगळ्या ग्रुपच्या कार्यक्रमांना गेले, तिन्ही वेळा डोकं धरून परत आले. इथली माणसं तुटक वाटतात. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ बहिणीशी फोनवर बोलते, तेवढा वेळच मी माझ्यासारखी असते. चार खोकी अजून उघडलेली नाहीत.

गेल्या महिन्यात तो बाहेरगावी असताना मला रात्री सणसणून ताप भरला. दवाखान्यात फॉर्मवर दोन नंबर मागितले होते. पहिला त्याचा लिहिला. दुसरा कुणाचा लिहावा सुचेना. शेवटी आईचा लिहिला, ती इथून रात्रभराच्या प्रवासावर राहते. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘इथलं कुणी नाही का?’ तेव्हापासून मला काही सुधरत नाहीये. मी परत जाऊ का? की माझ्यातच काहीतरी कमी आहे?

– रिकामा रकाना

*

रिकामा रकाना,

ताई म्हणालीस, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते.

त्या काउंटरवरच्या मुलीपासून सुरुवात करू. तुझ्या पत्रातलं बाकी सगळं तिच्या एका प्रश्नामागे रांग लावून उभं आहे. तिने तो प्रश्न त्या दिवशी पन्नासाव्या वेळी विचारला असेल. रकाना मोकळा राहिला की तिला वरून बोलणी बसत असतील. तुला मात्र तो निकाल वाचून दाखवल्यासारखा ऐकू आला. अंगात ताप, रात्रीची वेळ, शेजारची खुर्ची रिकामी. अशा वेळी ‘पत्ता सांगा’ हेसुद्धा कुणी दरडावून विचारतंय असं वाटतं.

पण प्रश्न चुकीचा नव्हता. तुझं तिथे अजून कुणी नाही. त्याचं वाईट वाटतं ही एक गोष्ट आणि त्यात धोका आहे ही दुसरी. धोका दोन दिवसांत कमी करता येतो, वाईट वाटण्याला वेळ लागतो. म्हणून आधी धोक्याचं बघ. नवऱ्याच्या ऑफिसातलं जे कुणी त्यातल्या त्यात जवळ राहत असेल, त्याचा किंवा तिचा नंबर तुझ्या फोनमध्ये घाल. नुसता घालू नकोस. नवऱ्याला त्या माणसाशी बोलायला सांग: ‘मी गावाला असताना हिला काही लागलं तर तुला फोन करेल, चालेल ना?’ फार थोडी माणसं याला नाही म्हणतात. रात्रभर उघडं असणारं जवळचं रुग्णालय कुठलं आणि मध्यरात्री तिथे कसं पोहोचायचं, हे एकदा दिवसाउजेडी प्रत्यक्ष जाऊन बघून ये. फोनच्या लॉक स्क्रीनवर आपत्कालीन माहिती भरायची सोय असते, त्यात रक्तगट, चालू औषधं आणि दोन्ही नंबर टाक. एवढ्याने एकटेपणा जाणार नाही, पण पुढच्या तापाच्या रात्री काय करायचं हे तरी ठरलेलं असेल.

आता, तुझ्यात काही कमी आहे का.

तुझ्या पत्रातलं मला सर्वांत खटकलेलं वाक्य ‘लॅपटॉप उचलला की झालं’ हे आहे, कारण ते इतरांइतकंच तूही स्वतःला ऐकवलं आहेस. १९६७ साली टॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी केली आणि प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू सर्वांत वर, १०० गुण. राहतं घर बदलणं बरंच खाली, अवघे २०. म्हणजे सगळे म्हणतात ते बरोबरच की! पण तीच यादी पुढे वाच. राहणीमानातला बदल, २५. करमणुकीतला बदल, १९. लोकांत उठण्या-बसण्यातला बदल, १८. झोपेच्या सवयी, १६. घरच्यांच्या भेटीगाठी कमी-जास्त होणं, १५. खाण्याच्या सवयी, १५. आता यातलं तुझं काय काय बदललं, ते मोज. सगळं बदललं असेल तर घराचे २० धरून बेरीज १२८ होते. मोजपट्टी जुनी आहे आणि गुण सरासरीचे आहेत, त्यामुळे आकडा पकडून बसू नकोस. मला दाखवायचं होतं ते एवढंच की घर बदलणं हे एक काम दिसतं, पण त्याच्या पोटात सहा-सात बदल असतात, आणि लोक फक्त वरचा मोजतात.

त्यातही जे कुठल्याच यादीत बसत नाही ते तू एका ओळीत लिहून गेलीस: ‘तेवढा वेळच मी माझ्यासारखी असते.’ जुन्या गावात आपण कितीतरी गोष्टी डोक्याने नव्हे, पायांनी करत असतो. कुठली रांग लवकर सरकते, कुठल्या वळणावर पाणी साचतं, कुठल्या दुकानदाराला सुटे पैसे मागितलेले आवडत नाहीत, हे कुणी शिकवलेलं नसतं आणि आठवावंही लागत नाही. नव्या शहरात बल्ब आणायचा म्हटला तरी तीन निर्णय घ्यावे लागतात. संध्याकाळपर्यंत माणूस दमतो आणि काय केलं दिवसभर असं विचारलं तर सांगता येत नाही. त्याहून मोठी गोष्ट माणसांची. तिथे तू कुणाची तरी चेष्टा करणारी होतीस, कुणाला हक्काने रागावणारी होतीस, कुणाच्या तरी आठवणीत शाळेच्या नाटकात वाक्य विसरलेली मुलगी होतीस. या सगळ्या तू, त्या त्या माणसांकडे ठेवलेल्या होत्या. इथे तुला ओळखणारा एकच माणूस आहे आणि त्याच्याकडे तुझी एकच आवृत्ती आहे: बायको. फार प्रेमाची असली तरी ती एकच. पुरत नाही. ती पुरली पाहिजे असं वाटून घेऊ नकोस आणि त्यानेही वाटून घेऊ नये.

‘इथली माणसं तुटक आहेत’ यावर मात्र मी तुझ्याशी सहमत नाही. असतीलही. पण तुला ते कळायला अजून मार्ग नाही. तुझं जुनं गाव परक्या माणसाशी कसं वागतं, हे तू कधी पाहिलेलंच नाहीस, कारण तू तिथे परकी नव्हतीस. तिथल्या रांगेत कुणी तुसडेपणाने बोललं तर तू म्हणायचीस, ‘आज त्याचं काहीतरी बिनसलंय.’ इथे कुणी बोललं की म्हणतेस, ‘हे शहरच असलं.’ मोठ्या शहरातला माणूस अलिप्त दिसतो तो स्वतःला वाचवण्यासाठी, इतक्या चेहऱ्यांना आणि आवाजांना प्रतिसाद देत बसला तर तो टिकणार नाही, असं जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०३ मध्येच लिहून ठेवलंय. तूही आता रस्त्यातून कानांत इअरफोन घालूनच जात असशील, नाही का? समोरून येणाऱ्याला तूही तुटकच वाटत असणार.

आता त्या तीन कार्यक्रमांकडे येते. तू गेलीस याचं मला खरंच कौतुक वाटलं. मी माझ्या वेळी एकालाही गेले नव्हते. पण ती पद्धत तुझ्या प्रश्नाला लागू पडणारी नव्हती. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांनी गेल्या सहा महिन्यांत गाव बदललेल्या, म्हणजे नेमक्या तुझ्यासारख्या, प्रौढांना विचारलं की नव्या गावात भेटलेल्या एखाद्या माणसाबरोबर तुम्ही किती वेळ घालवलात आणि आज ते नातं कुठवर आलंय. उत्तरांवरून त्यांनी बांधलेला अंदाज असा: नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणावं असं काही व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त.

तुझे तीन कार्यक्रम दोन-दोन तासांचे धरले तर सहा तास होतात. ते सहा तास तू निदान वीस माणसांत वाटलेस, आणि त्यातलं कुणीही तुला दुसऱ्यांदा भेटलं नाही. प्रत्येकाच्या वाट्याला आली जेमतेम अठरा मिनिटं. त्या अठरा मिनिटांत काय होतं तर कुठून आलात, काय करता, कसं वाटतंय. तीन संध्याकाळी तू तीच मुलाखत पुन्हा पुन्हा दिलीस. डोकं दुखलं नसतं तर नवल. त्यात बुजरेपणाचा काही संबंध नाही.

हिशेब असा असल्यावर नवी नवी माणसं शोधणं हाच तोट्याचा व्यवहार. मी तुला सांगेन, तू माणसं शोधायचं बंद कर आणि एक जागा शोध. जागा कुठलीही चालेल: बाग, वाचनालय, व्यायामाचा वर्ग, गाण्याचा क्लास, आठवड्यातून दोनदा मुलांना शिकवायला जायची एखादी संस्था. तुझं काम घरूनच असल्यामुळे वाचनालय मला तुझ्यासाठी सर्वांत सोयीचं दिसतं. आठवड्यातले दोन दिवस लॅपटॉप घेऊन तिथे बस. अट दोनच. तेच वार, तीच वेळ. आणि जमलं तर तीच खुर्ची. पहिले दोन महिने कुणाशी बोलायलाच हवं असं नाही. तुला ‘नवीन काहीतरी करून बघ’ असा सल्ला भरपूर मिळाला असणार. मी उलट सांगते आहे, कंटाळा येईपर्यंत तेच ते कर.

हे मी हवेत बोलत नाही. रोज एकाच फलाटावर दिसणारी, चेहऱ्याने पक्की माहीत असलेली, पण कधी एक शब्दही न बोललेली माणसं असतात ना, त्यांचा अभ्यास स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये केला होता. त्यांनी अशा माणसांना नावच दिलं, परिचित अनोळखी. मला त्यातलं आवडलेलं निरीक्षण असं, की हीच दोन माणसं नेहमीच्या जागेपासून लांब कुठेतरी, किंवा काही अघटित घडल्यावर समोरासमोर आली, तर एकमेकांशी बोलण्याची शक्यता अगदी परक्या माणसापेक्षा जास्त. म्हणजे ते न बोलता एकमेकांना बघणं वाया जात नाही, कुठेतरी जमा होत राहतं. वाचनालयात वीज गेली, पाऊस कोसळला आणि सगळे दारात अडकले, की ते निघतं. पण त्याआधी तू त्यांच्या नजरेतली झालेली हवीस, आणि त्याला काही आठवडे लागतात.

तुझ्या इमारतीच्या बाबतीतही हेच. दुसऱ्या महायुद्धानंतर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या आवारात विवाहित विद्यार्थ्यांसाठी वसाहती उभ्या राहिल्या होत्या. सगळेच नवे, कुणीच कुणाला ओळखत नव्हतं. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कुणाची कुणाशी मैत्री झाली हे तपासलं आणि १९५० मध्ये निष्कर्ष मांडले. शेजारच्या दाराशी मैत्री जास्त, चार दारं सोडून कमी, हे आपणही सांगितलं असतं. पण तळमजल्यावरच्या ज्यांचं दार जिन्याच्या पायथ्याशी होतं, त्यांच्या वरच्या मजल्यावर इतरांपेक्षा जास्त ओळखी निघाल्या. टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांचंही तेच. ती माणसं काही जास्त गोड बोलणारी नव्हती. लोक त्यांच्या दारावरून जात होते, इतकंच. तेव्हा सामान थेट दाराशी मागवत असशील तर अधूनमधून स्वतः खाली उतर. लिफ्टऐवजी जिना घे. नकाशा न बघता दोन गल्ल्या चुकून घरी ये. फोनचा आवाज ‘डावीकडे वळा’ म्हणाला की आपण डावीकडे वळतो, पण डावीकडे काय आहे ते बघत नाही. सहा महिने झाले तरी तुला ते शहर पाठ झालेलं नसेल तर त्याला हेही एक कारण असेल.

आणखी एक, जे करायला तुला जड जाईल. कुणाकडे तरी काहीतरी माग. शिडी माग. ‘उद्या माझं पार्सल येणार आहे, मी नसेन, ठेवून घ्याल का?’ असं विचार. आपल्याला वाटतं की आधी ओळख व्हावी आणि मग हक्काने मागावं. बहुतेक वेळा घडतं ते उलट. शिडी परत द्यायला जावं लागतं, आणि दुसऱ्यांदा दार वाजवायला कारण मिळतं. नव्या गावात सगळं एकटीने निभावणारी बाई फार कर्तबगार दिसते आणि तिच्या दाराशी कुणी येत नाही.

आता बहिणीचा फोन. तो बंद कर असं मी अजिबात म्हणणार नाही. असं सांगणारी माणसं मला आवडत नाहीत. तुझं ते दोन तासांचं बोलणं हीच सध्या तुझी तग धरायची जागा आहे. पण वेळ बघ. साडेसहा ते साडेआठ. आजूबाजूची माणसं कामावरून परततात, खाली उतरतात, मुलांना घेऊन फिरतात, नेमके तेच दोन तास. तू रोज बरोबर त्या वेळी दुसऱ्या गावात असतेस. फोन साडेआठनंतर कर, किंवा आठवड्यातले तीन दिवस तसा कर. बहिणीला कारण सांग. तिलाही कदाचित सुटल्यासारखं वाटेल. रोज दोन तास उदास बहिणीला सावरणं सोपं नसतं आणि ती ते तुला कधी बोलून दाखवणार नाही. मीही एकदा अशी बहीण होते, म्हणून सांगते.

खोक्यांबद्दल फार बोलत नाही. माझी अकरा महिने तशीच पडून होती. परत जायचंच आहे, उगाच कशाला उघडा, असं माझं पक्कं मत होतं. शेवटी उघडली तेव्हा एकात फक्त आधीच्या घराच्या पडद्यांच्या कड्या निघाल्या. नव्या घराला तो दांडाच नव्हता. अकरा महिने मी त्या कड्या अडखळून ओलांडत होते. तू या रविवारी एक उघड. चारही नकोत.

नवऱ्याशी बोलणं उरलंच आहे. ‘शहर किती छान आहे’ हे तो रोज म्हणतो, त्याचा तुला राग येतो, पत्रात तू तसं लिहिलं नसलंस तरी. मला शंका आहे की त्यातलं निम्मं तो स्वतःला समजावण्यासाठी म्हणत असेल. हा बदल त्याच्यामुळे झाला. तुझं उतरलेलं तोंड तो रोज बघतो. शहर वाईट निघालं तर दोष त्याच्याकडे येतो, मग शहर चांगलं असणं त्याला भाग आहे. ऑफिसातली माणसं त्याला मिळाली म्हणतेस, पण हॉल यांच्याच अभ्यासात एक तळटीप घालावी अशी गोष्ट आहे: कामाच्या निमित्ताने एकत्र घालवलेले तास मैत्रीच्या खात्यात फारसे जमा होत नाहीत. तेव्हा त्याच्याकडेही दुसरा नंबर आहे का, हे विचारून बघ. कदाचित तो दोन नावं पटकन सांगेल. कदाचित थांबेल.

बोलताना ‘मला इथे आवडत नाही’ असं म्हणू नकोस. त्याच्यावर तो काय करणार? एक तर वाद घालेल, नाहीतर अपराधी वाटून गप्प बसेल. त्याला काहीतरी ठोस माग. आठवड्यातून एक संध्याकाळ तो घर सांभाळेल आणि तू बाहेर असशील. महिन्यातून एक शनिवार-रविवार तू बहिणीकडे जाशील, आणि त्याचा खर्च दोघांच्या पैशांतून होईल, तुझी हौस म्हणून नाही. आणि सर्वांत अवघड ते आत्ताच बोलून ठेव: पुढची बदली आली, तर तेव्हा कुणाच्या कामाला पहिली पसंती? ‘कुणी जबरदस्ती केली नव्हती’ हे खरं असेल. पण कुणी नीट विचारलंही नव्हतं, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. होकार तू दिलास, पण तो ‘लॅपटॉप उचलला की झालं’ या हिशेबावर दिला होतास, आणि हिशेब चुकला. चुकलेल्या हिशेबावर दिलेला होकार पुन्हा बोलायला काढता येतो. त्यात शब्द फिरवल्यासारखं काही नाही.

परत जाऊ का, हा तुझा खरा प्रश्न. आत्ता नको. पण कधीच नको, असंही मी म्हणत नाही. १९५५ मध्ये स्वेर्रे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेत राहून परतलेल्या २०० नॉर्वेजियन अभ्यासकांशी बोलून एक गोष्ट मांडली. सहा महिन्यांच्या आत परतलेले बऱ्यापैकी रुळलेले होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही, पण सहा ते अठरा महिने राहिलेले सर्वांत कमी. पुढच्या संशोधकांना हा आलेख सगळीकडे काही सापडला नाही. कित्येकांना तर अगदी सुरुवातीचे दिवसच सर्वांत कठीण गेलेले दिसले. त्यामुळे तुझं अजून बिघडणार आहे असं मी म्हणत नाही, आणि अठराव्या महिन्यात आपोआप सुधारेल असंही नाही. पण सहावा महिना हा निकाल लावायला वाईट महिना आहे, याबद्दल मला शंका नाही. नव्याची नवलाई संपलेली असते आणि जुनं काही तयार झालेलं नसतं.

म्हणून एक तारीख ठरव. आजपासून आठ महिने. ती नवऱ्याला सांग, कॅलेंडरवर लिही. तोपर्यंत ‘जाऊ का राहू’ हा प्रश्न रोज रात्री उशाशी घ्यायचा नाही. रोज विचारला की तो दिवसाची शक्ती खातो आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच उरतो. त्या तारखेला स्वतःला हे विचार: मला या शहराचा त्रास होतोय, की नवेपणाचा? दोन्हींतला फरक तेव्हा कळेल. प्रवासात रोज तीन तास जातात, हवेने सतत आजारी पडते, माझ्या कामाची माणसं इथे नाहीतच, हा शहराचा त्रास. तो राहून कमी होत नाही आणि त्यासाठी परत जाणं शहाणपणाचं आहे. कुणी ओळखत नाही, रस्ते कळत नाहीत, बोलायला कुणी नाही, हा नवेपणाचा. तो घेऊन तू जिथे जाशील तिथे पहिले सहा महिने पुन्हा येईल. जुन्या गावातसुद्धा थोडा येईल, कारण सहा महिन्यांत तिथेही तुझ्या जागेवर कुणीतरी सरकून बसलेलं असतं.

तारखेची वाट न बघता करायची एकच गोष्ट आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खाली असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, बहिणीशी बोलण्यातही गोडी वाटेनाशी झाली असेल, तर डॉक्टरांना भेट. जगणंच नको वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नकोस, त्याच दिवशी नवऱ्याला सांग आणि त्याच दिवशी जा. ‘मला काही सुधरत नाहीये’ असं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. बहुधा त्याचा अर्थ साधाच असेल, पण तो मी इथून ठरवू शकत नाही. तू ठरव, आणि ठरवताना स्वतःशी काटकसर करू नकोस.

माझ्या दुसऱ्या नंबरची गोष्ट सांगते आणि थांबते.

मी नव्या शहरात होते तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई एक दिवस भांडायला वर आल्या. माझ्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत होतं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, नंबर द्या, परत पडलं तर फोन करीन. परत पडलं. त्यांनी फोन केला. असे सात-आठ फोन झाल्यावर एकदा पाणी न पडताही केला, माझा दिवा दोन दिवस लागलेला दिसला नाही म्हणून. माझ्या फोनमध्ये त्यांचं नाव ‘कुंड्या, तळमजला’ असं होतं आणि ते मी कधी बदललं नाही.

दोन वर्षांनी मलाही असाच एक फॉर्म भरायचा होता. दुसऱ्या नंबरापाशी हात थांबला नाही, त्यांचाच लिहिला. पुढे नाव आणि नातं असे दोन रकाने होते. आडनाव मला माहीत नव्हतं. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं तेही कळेना. खिडकीमागच्या माणसाने विचारलं, ‘कोण लागतात तुमच्या?’

मी म्हटलं, ‘खाली राहतात.’

त्याने तेच लिहून घेतलं.